हात पुरेल असं झाड

“हे पाहा काका, ग्लॅडिओलस. कंद आत्ता लावले का थंडीत एवढी दांडी येते!” हुडकेश्वर रोडवरच्या नर्सरीत बळीरामने कोपरापासून हात उभा करून दाखवला.

“देवाले वाहतात का लोक हे?” चंपतरावांनी विचारलं.

“नाही. हे फुलदाणीचं.”

“मग राहू दे.”

डेलियाचे कंद पाहून झाले. लिली बुटकी म्हणून बाद झाली. निशिगंधापाशी चंपतराव जरा थांबले, पण फुलायला तीनेक महिने लागतील म्हणताच तोही नको झाला. गिऱ्हाईक चिकित्सक असावं, पण किती! बळीराम कंटाळला.

“तुमाले पाह्यजे तरी काय?”

“बारमाही फुलणारं. देवाले चालणारं. आन् रस्त्यावरून हात पुरला पाह्यजे.”

“कोणाचा हात?”

“कोणाचाबी.”

बळीरामच्या डोक्यात प्रकाश पडला. “फुलचोर सतावून राहिले म्हणा की! मग काटेवाली बोगनवेल न्या. हात लावायची हिंमत नाही होत कोणाची.”

“काटे नको गा,” चंपतराव घाईघाईने म्हणाले. “येतच नाही आता कोणी.”

उन्हाळाभर त्यांच्या बायकोचं, सुमतीबाईंचं दवाखान्याचं चाललं होतं, झाडांना पाणी घालायला घरी कोणी नव्हतं. आधी कुंपणाची जास्वंद वाळली, मग सुमतीबाई गेल्या. पहाटे व्हरांड्यातून फुलचोरांवर त्यांचा तोंडाचा पट्टा सुटायचा आणि चंपतराव वैतागून डोक्यावर पांघरूण ओढायचे. आता जाग आपोआप यायची आणि घर खायला उठायचं.

“कोणी तोडली फुलं, तर चालते तुमाले?” बळीरामने विचारलं.

“चालते कसं? ओरडीन ना! तेवढंच बोलणं होते.”

कळ्यांनी लगडलेली, डोक्याइतकी उंच, कुंडीतली जास्वंद बळीरामने स्वतः उचलून ऑटोत ठेवून दिली.

चंपतरावांनी कुंडी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला मांडली. दोन-चार दिवस फुलं उमलली आणि तशीच मिटून गेली. ते रोज पहाटे फाटकामागे खुर्ची टाकून बसायचे. लोक फिरायला जायचे, पण थांबायचं कोणी नाही.

मग एका पहाटे चपला वाजल्या. पलीकडच्या लेआउटच्या वसाहतीतली ती जुनीच फुलचोर बाई, हातात तीच पिशवी. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि भराभर फुलं तोडायला लागली.

चंपतराव उठले. ओरडायचं म्हणून त्यांनी घसा खाकरला, पण तोंडातून भलतंच निघालं.

“वरचं एक राहिलं वं, बाई!”

बाई दचकली. मग तिने ओठांवर बोट ठेवलं आणि व्हरांड्याकडे पाहिलं.

“हळू ना, काका! काकू उठतीन!”

चंपतरावांनी बंद दाराकडे पाहिलं. मग फाटकावरून वाकून वरची फांदी तिच्या हाताशी आणली.

“हो,” ते अगदी हळू म्हणाले.