हवेशीर कॅबिनेट

कॉम्प्युटरचं कॅबिनेट निवडण्यात मिथुनने आठ दिवस घालवले. त्यात बसवायचे बाकीचे सगळे पार्ट घरात येऊन पडले होते. पण जुनं मशीन ऐन कामात तापून बंद पडलं होतं, अ‍ॅनिमेशनची नोकरी आठ महिन्यांपूर्वी त्यातच गेली होती, आणि मुलुंडच्या त्याच्या आणि आईच्या खोलीत दुपारी भिंतीसुद्धा भाजायच्या. "काच नको, लाइट नको, मला फक्त हवा पाहिजे यार," तो प्रत्येक दुकानात काकुळतीला येऊन सांगायचा. शेवटी मनासारखं मिळालं. वरचं अख्खं झाकण जाळीचं, त्याखाली पंखे.

मशीन त्याने स्वतः जोडलं. अंधेरीच्या एका स्टुडिओने शेवटचा चान्स दिला होता. नमुन्याची फिल्म चार वाजेपर्यंत पाठवायची होती. दोन वाजता ऐंशी टक्के काम झालं, तरी मशीन गार. आठ महिन्यांत पहिल्यांदाच निर्धास्त होऊन तो आंघोळीला गेला.

बाहेर आला तेव्हा पंखे थांबले होते. स्क्रीन काळी होती. जाळीवर हळदकुंकू होतं, शेजारी फोडलेल्या नारळाच्या दोन वाट्या, आणि त्यांच्यासमोर आई डोळे मिटून, हात जोडून उभी.

"नवीन वस्तू अशी पूजा न करता वापरतात होय रे? आता बघ, तुझं काम झालंच म्हणून समज."

आईने जाळीवरून कौतुकाने हात फिरवला.



"आणि ही जाळी बरी घेतलीस हां झिला. नारळाचं सगळं पाणी आत गेलं, एक थेंब बाहेर सांडला नाही."