खायचा सोडा

केतकीने खायचा सोडा पिठाच्या चाळणीतून चाळून बादलीत ओतला, फवाऱ्याची नळी त्यात खोचली आणि काँप्रेसर सुरू केला. समोरच्या पाटावर जुन्या फियाटचा कार्बुरेटर होता, काजळीने तव्यासारखा काळा; हवेच्या जोराने सोडा मारून तो साफ करायचा होता.

"अगं, भजी तळतेस की गाडी दुरुस्त करतेस?" शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं.

"दोन्ही, काकू. आधी गाडी!"

ओट्यावर बसलेले सासरे हसले नाहीत. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेले आबा हातांना कंप सुटल्यापासून पान्याला शिवले नव्हते. चहाचा कपसुद्धा कुणी बघत नसताना उचलायचे. ते पुन्हा कामाला हात लावतील, एवढ्याच आशेने तिने हा पसारा मांडला होता.

पांढरा धुरळा उडाला. केतकीने फवारा दोन्ही हातांनी घट्ट धरला. एवढासा ठिपका उजळला, बाकी काजळी तशीच.

"एका जागी रोखू नकोस गं! हलता ठेव हात."

"मला नाही जमत. तुम्हीच दाखवा ना, आबा."

ते घुटमळले, मग उठले. थरथरत्या हातातला फवारा धातूवर भुरभुरत फिरला आणि जात्यातून पीठ झरावं तशी काजळी झरू लागली. खालून नव्या जोडव्यासारखा लख्ख धातू वर आला.

आबा त्या चकाकीकडे बघत राहिले, मग आपल्या हाताकडे.

"या कामाला असाच हात लागतो," ते म्हणाले. "बघत काय बसलीस? पुढचा भाग आण."