सोळा टीबी

यंदाही फोटो स्टुडिओवाल्या बाबांनी परदेशातल्या लेकीला फोनवर गळ घातली, "सोळा टीबीची हार्ड डिस्क हवी गं. इथे दुप्पट भाव, नुसते लुटायला बसलेत. येताना तूच घेऊन ये."

"एवढं काय साठवताय हो बाबा?" ती हसली. "यंदाही यायचं जमणार नाही. कुरिअरनेच पाठवते."

खोकं आलं, तेव्हा शेजारचा कॉम्प्युटरवाला वैतागला. "काका, माझ्याकडे याच भावात मिळते. कितीदा सांगू?"

बाबांनी खण ओढला. चार, आठ आणि बारा टीबीच्या सीलबंद खोक्यांशेजारी त्यांनी हेही न फोडताच ठेवलं.


"याहून मोठी बाजारात कधी येणार रे?"