टाचा टेकवा

सुंदरराव अर्ध्यावरच अडकले. खाली जाता येईना, वर येता येईना. अंगणातला लोखंडी खांब दोन्ही हातांनी धरून हा सत्तरीचा दांडगा माणूस विहिरीत डोकावल्यासारखा वाकलेला. समोर बाजेवर मोबाईल, आणि त्यातल्या व्यायामाच्या व्हिडिओत डॉक्टरीणबाई हसून सांगत होत्या, "आता सावकाश खाली बसा."

"बसा म्हणती बया!" सुंदरराव खेकसले. "बसता आलं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?"

माजलगावच्या या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून बघितलं होतं. मोडलंबिडलं काही नव्हतं, खुबे तेवढे आखडले होते. वीस वर्षं जीपची सीट, सभेची खुर्ची, घरचा सोफा, मग दुसरं काय होणार? सुंदररावांना भुईवर बसलेलं पाहिलंय असा माणूस तेलगावात शोधून सापडला नसता. पंगतीतसुद्धा त्यांच्यापुरतं टेबल लागायचं, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

आता वाटत होतं. नात सायलीचं लग्न चाळीस दिवसांवर आलं होतं. तिचा बाप, म्हणजे त्यांचा मुलगा शिवशंकर, चार वर्षांमागं अपघातात गेला. कन्यादान आजी-आजोबांनीच करायचं होतं. सगळे म्हणत होते, आबा, खुर्चीवर बसा, आजकाल चालतं. पण बायको सत्यभामाबाई खाली पाटावर, पोरगी खाली पाटावर, आणि आपण वरून नळासारखं पाणी सोडायचं? शिवशंकरच्या लेकीचा हात असा वरून द्यायचा? छे! नुसत्या विचारानं त्यांचं काळीज तुटायचं.

"मालक, आदी टाचा टेकवा."

भिवराबाई मागं उभी होती, डोक्यावर ज्वारीची भरलेली पाटी. ही पाटोद्याकडची बाई. जन्म ऊसतोडीत गेला. नवरा गेल्यावर दहा वर्षांपूर्वी सुंदररावांच्या घरी कामाला राहिली. तिचंही वय सत्तरीच्या घरातलं. "हे आसं," म्हणत ती पाटीसकट खाली बसली. उकिडवी, दोन्ही टाचा भुईला, हात कशालाच नाही. आणि तशीच उठली. पाटीतला दाणा हलला नाही.

सुंदरराव बघतच राहिले. दहा वर्षं ही बाई रोज त्यांच्या डोळ्यांपुढं उठत-बसत होती, आणि त्यांनी ते आज पाहिलं.

"पुन्हा बस बघू!"

ती बसली.

"ऊठ!"

ती उठली. "काय खेळ लावलाय मालक? मला दळण हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांच्या टाचांखाली विटा सरकवल्या. "भार टाचावर सोडा. दम कावून कोंडताव? सोडा की!" सुंदरराव थरथरत खाली गेले, घामाघूम झाले. तिनं त्यांच्यापुढं तुरीच्या डाळीनं भरलेलं सूप ठेवलं. "खडे निवडा. ध्यान खुब्यात न्हाई, खड्यात ठिवा." सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा घरातलं काम केलं बघा ह्यांनी!"

पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं. मग पाच. मग एक वीट निघाली, मग दुसरी, आणि एक दिवस मांडीही घालता आली. सुंदररावांना नवल वाटायला लागलं. गंजलेलं कुलूप तेल पिऊन हळूच फिरावं तसं खुब्यात काहीतरी सुटत होतं. आणि खालून त्यांचं स्वतःचं घर निराळंच दिसत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं दिसत नव्हती, गुडघे दिसत होते, चपला दिसत होत्या. कुणी वाकून बघत नव्हतं.

"भिवराबाई, कुठं शिकलीस गं हे बसणं?" एकदा त्यांनी विचारलं.

ती सुपातली डाळ पाखडत राहिली. "शिकायचं काय त्यात मालक? दुसरं बसायला व्हतं काय?"

लग्नाच्या दिवशी मांडवात पहिल्या रांगेत लाल मखमलीची मोठी खुर्ची आणून ठेवली होती. पुतण्या हनुमाननं, असू द्यावी म्हणून. सुंदररावांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. ते पाटावर बसले, मांडी घालून. तासभर! काशाच्या भांड्यावर नवरदेवाची ओंजळ, तिच्यावर सायलीची, आणि सगळ्यांत वर त्यांची. सत्यभामाबाईंनी पाण्याची धार सोडली, तेव्हा पाणी बरोबर त्यांच्या बोटांतून नातीच्या बोटांत उतरलं. सायली हळूच म्हणाली, "आबा, बाबाच बसल्यावानी वाटलं." सुंदररावांचे डोळे भरून आले. विधी संपल्यावर ते उठले, कशालाही हात न लावता. अख्खा मांडव थक्क झाला. व्याही तर म्हणाले, "वा सुंदरराव, कमाल केलीत!"

सुंदररावांची नजर भिवराबाईला शोधत होती. ती दिसली मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगाशेजारी, भुईवर उकिडवी. ते चालत तिथं गेले, तिला हाताला धरून उठवलं आणि सगळ्या पाव्हण्यांसमोरून पहिल्या रांगेत आणलं. "भिवराबाई, बसा. हा मान तुमचा."

भिवराबाई खुर्चीभोवती एक फेरी मारून आली. मखमलीवरून हात फिरवला. मग कडेला टेकली, मागं सरकली, पुन्हा कडेला आली. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीखाली दाबले. पाय अधांतरी लोंबत राहिले. तिनं खाली भुईकडं पाहिलं, मग सुंदररावांकडं, आणि अगदी हळू विचारलं,

"मालक, हितं टाचा कुठं टेकवू?"