हात वर

शिपाई गेणबातात्यांनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं, तेव्हा मेघना मॅडम आतच होत्या. सोबत चार पोरं.

"तात्या, आम्ही आत आहोत!"

"मग भाईर या की." तात्यांनी कुलूप काढलं. "समद्या स्टाफनं हॉलमधी बसायचं, सायबांचा हुकूम हाय. कार्यशाळा हाय."

"कसली?"

"प्राध्यापकांनी कामात जीव कसा वतायचा, त्याची."

पोरांची उद्या सकाळी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. कॉलेजात वर्षभर ॲसिड नव्हतं, ते काल आलं, तेही जेमतेम. ब्युरेट म्हणजे ती काचेची उभी नळी पोरांनी आजवर फळ्यावर काढलेलीच बघितली होती.

"मी नाही येत."

"मग जूनला बी येऊ नका, म्हणलेत. म्हंजे तुमालाच न्हाय, समद्या तासिकावाल्यांना."

मॅडम पोरांकडं वळल्या. मग म्हणाल्या, "उचला रे सगळं."

स्टँड, नळी, बाटल्या अशी मिरवणूक जिना चढून हॉलमध्ये शिरली. पुण्याचे पाहुणे माइकवरून बोलत होते. मागं फलक होता : 'माझे काम, माझा श्वास.' मॅडमनी शेवटच्या रांगेमागच्या टेबलावरचे चहाचे कप खाली ठेवले आणि वर ब्युरेट उभी केली. टेबलाचा एक पाय आखूड होता. पहिली पाळी वरकुट्याच्या राजनंदिनीची.

प्राचार्य दिग्विजय सर चवड्यांवर चालत आले. "मॅडम, हे काय?"

"कामात जीव ओततेय, सर. जपून, सांडेल."

"तुमच्यासारख्यांमुळंच ह्या कार्यशाळा घ्याव्या लागतात!" सर कुजबुजले, पण हॉलभर ऐकू गेलं. "पुढं बसा. फोटोत रिकामी खुर्ची दिसतेय. आणि ही पोरं बाहेर."

तिघं बाहेर गेली. राजनंदिनी हलली नाही. एका हातात शंकुपात्र, दुसरा हात तोटीवर, नजर थेंबावर. आत्ता सोडलं तर पहिल्यापासून करावं लागणार होतं, आणि तेवढं ॲसिड नव्हतं.

मॅडम पुढच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"ज्यांचा आपल्या कामात खरोखर जीव आहे," पाहुणे म्हणाले, "त्यांनी हात वर करा!"

सगळे हात वर गेले. प्राचार्यांचे दोन्ही. सर्जेराव सरांना झोप लागली होती, त्यांचा हात शेजारच्यांनी वर केला.

"तसंच ऱ्हावा," जळोचीचा फोटोवाला म्हणाला. "फलक येत न्हाय."

"मॅडम!" मागून राजनंदिनी ओरडली. "रंग यायला लागलाय, पण स्टँड कलतंय! माझे दोन्ही हात गुंतलेत!"

मॅडम उठल्या. मधे खुर्च्यांच्या नऊ रांगा होत्या. "मागचे सर, धरा! तुमच्या मागंच आहे! कुणीतरी धरा हो!"

शेवटच्या रांगेतल्या पाच जणांनी मागं वळून पाहिलं. हात वरच ठेवून. स्टँड त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. ते हळूहळू, सगळ्यांना नीट दिसेल असं, कलत गेलं.

काच फुटली. कॉलेजातली ती एकुलती एक धड नळी होती.

एकही हात खाली आला नव्हता.

"झकास," फोटोवाला म्हणाला. "आता जरा हसा."