एकाच डोंगराची

"शपथ नको काका, कप मांडा," ती म्हणाली.

भट्टीवाल्या काकांनी तीन पांढरे कप टेबलावर मांडले. बाबांच्या हातच्या शेवटच्या घाण्याचा, भाजलेल्या कॉफीच्या दाण्यांचा डबा अजून सीलबंद होता. झाकणावरची, बाबांच्या अक्षरात तारीख घातलेली पट्टी तिनं स्वतः फोडली. त्यातले मूठभर दाणे दळून केलेली कॉफी दोन कपांत ओतली, तिसऱ्यात काकांनी आज सकाळी भाजलेली. कपांच्या बुडाला चिठ्ठ्या तिनं आधीच चिकटवल्या होत्या. मग तिनं पाठ फिरवली. आता काकांनी कपांच्या जागा बदलायच्या होत्या. मागे कपाचा आवाज झाला असता तर तिला शंका आली असती. झाला नाही, म्हणून आलीच.

"नापास झालो तर अंगठे धरून उभा राहू का?" काका म्हणाले.

ती हसली नाही. आजचा कप वेगळा लागला तर काका नापास आणि भट्टीच्या किल्ल्या आजच ठेवायच्या, असं ठरलं होतं. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून काका तिला अहो-जाहो करू लागले होते, आणि तेही तिला खटकत होतं. कालच एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी फोडलेलं पाकीट परत आणून दिलं. "वडील गेले आणि चव गेली," एवढंच म्हणाल्या. आठवड्यातल्या त्या चौथ्या.

पाकिटावरचा मजकूर बाबांचा होता. देशातली कॉफीची पहिली रोपं या डोंगरावर लागली. पुढे तांबेरा पडला, पानं गंजल्यासारखी होऊन गळाली, खालचे मळे उघडे पडले. वरच्या थंडीत ही झाडं तगली. ही त्यांचीच कॉफी, एकाच डोंगराची, हिच्यात दुसरं काही नाही. लोक हे दुकानात उभ्या उभ्या वाचायचे आणि मग देवळात आल्यासारखा आवाज खाली आणून पाव किलो मागायचे.

तिनं पहिल्या कपातली चमचाभर कॉफी फुर्रकन ओढली, जिभेवर फिरवली, थुंकली. तोंडात भरून राहणारी, मागाहून कडसर. बाबांची. दुसरी पातळ, कच्च्या फळासारखी आंबट. तिसरी पुन्हा बाबांची.

"ही," तिनं मधला कप पुढे सरकवला. "भेसळ आहे ही."

तिनं चिठ्ठी पाहिली. आजचीच होती.

"बाबा गेले म्हणजे आता आंधळं दळतंय, असं वाटलं का तुम्हाला?"

काका चिडले नाहीत. खरा माणूस चिडतो, तिच्या मनात आलं.

"जीभ पक्की आहे तुमची," ते म्हणाले. "आता तो डबा ताटात ओता."

"कुठला?"

"मालकांचा."

तिनं ओतला. डोंगरावरच्या बीची चीर नागमोडी असते. खालच्या मैदानातली बी स्वस्त, दाणा गोलसर आणि चीर पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. व्यापाऱ्यांचे नमुने ती रोज दिव्याखाली धरून तपासायची. बाबांच्या डब्यात मात्र तिनं संशयानं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं नखानं दाणे बाजूला सारायला सुरुवात केली. वाकडी, वाकडी, वाकडी, वाकडी, सरळ. वाकडी, वाकडी, सरळ. ताटात दोन ढीग झाले, एक मोठा, एक लहान.

"मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं, काका."

"सोपं असतं, तर पहिलं पाकीट परत आलं तेव्हाच ढकललं असतं. पट्टी तर आत्ता तुम्हीच फोडलीत."

तिनं सकाळचे दाणे दुसऱ्या ताटात पसरले. दिवा जवळ ओढला. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. सरळ चिरेचा एक दाणा सापडेना.

"म्हणजे बाबा गेल्यावर तुम्ही..."

"थांबवलं. ते होते तोवर ते त्यांच्या माथी होतं. आता तुमच्या माथी आलं असतं. पाकिटावर काय लिहिलंय, ते मलाही वाचता येतं."

"बाबा पैशासाठी करायचे ना?" तिनं विचारलं. हो म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

काकांनी हात पुसले. "पैसा मागाहून आला. तू सहा वर्षांची होतीस. त्यांच्या कपात बोट बुडवून चाटलंस आणि थू थू केलंस. आंबट आहे, म्हणालीस. त्यांचा चेहरा असा उतरला, जसं काही डोंगरच कोणी नापास केला. दुसऱ्या दिवशी कुठूनशी दुसरी बी घेऊन आले आणि मूठभर टाकली घाण्यात. तू कप चाटूनपुसून आणखी मागितलीस. झालं. मी म्हटलं, मालक, अहो पाकिटावर काय लिहिलंय? तर म्हणाले, डोंगर काय, आहे तिथेच आहे. पोरगी रुसली तर काय करू?"

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खोटं बोलणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर जे जे तिनं आजवर पाहिलं होतं, त्यातलं काही तिथे आहे का, हे शोधत राहिली.

काकांनी खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"उचला त्या," ती म्हणाली. "उद्याचा घाणा लावायचाय."

"कसा लावू?"

"पाकिटावर लिहिलाय तसा."

"गिऱ्हाईक तुटेल."

"तुटेल."

काका किल्ल्या घेऊन भट्टीकडे गेले. मग तिनं वाकड्या आणि सरळ चिरांचे दोन्ही ढीग तळहातानं एकत्र केले, दाणा न दाणा डब्यात भरला आणि झाकण घट्ट लावून डबा आपल्या पिशवीत घातला.