फिरता पडदा

“डॉक्टर, चक्कर खोटी आणता येते का?” मैत्रिणींनी पैज लावून विचारायला सांगितलेला प्रश्न चंदनानं विचारून टाकला. गिरणीतनं तशीच आणलेली आई दळणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. गिरणीचा फिरता पट्टा बघून ती दोनदा पडली होती, पण सोबत आलेले चंदनाचे वडील, अण्णा, म्हणायचे, “दळण चुकवायचं सोंग हाय.” डॉक्टर अण्णांकडं बघून हसले. “पैलवान, तुम्हीच उभे राहा की.” काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गोल पडदा त्यांनी अण्णांभोवती सोडून फिरवला. चंदनानं खालून डोकावलं. अण्णांचे डोळे पट्ट्यांमागं धावत होते, झटक्यानं माघारी येत होते. जमीन हलली नव्हती, तरी तालमीत मुरलेले पाय डगमगले. “अगं, धर मला. पडतोय मी.” आईनं थकल्या हातानं त्यांना धरलं. “मला गिरणीत असंच हुतंय,” ती म्हणाली. चंदनानं डबा अण्णांच्या हातात दिला. “आई, आजपासनं दळणाला मी आणि अण्णाच जाणार बघ.”